शाळेच्या मार्कशीटवर जे छापलंय तेच फॉर्मवर लिही

प्रश्न असा आलाय. मुलगी कळव्याची, बीएलएस एलएलबीच्या पाचव्या वर्षाला, फोर्टातल्या एका फर्मची ट्रेनीची ऑफर हातात, पण खाली बारीक अक्षरात 'व्हेरिफिकेशन झाल्यावर'. त्यांना दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट हव्यात. दहावीची मार्कशीट घर बदलताना कुठे गेली पत्ता नाही. दहावीला ६१ आणि बारावीला ८४ टक्के, त्यावर एचआरने विचारलं की हे कसं काय. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं नाही. आणि शेवटी वैतागून विचारलंय की पाच वर्षं कायदा शिकून झाल्यावर शाळेचे मार्क कोणाला कशाला हवेत.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते कारण बाकी सगळं त्यातून सुटतं. मी ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करते, बावीस वर्षं झाली, मधली सात वर्षं एका फर्ममध्ये होते आणि तिथे ट्रेनी घ्यायचं काम माझ्या गळ्यात होतं, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगते. शाळेचे मार्क खरंच फारसे कोणाला नको असतात. दहावीला भूमितीत किती पडले यावरून कोणी ट्रेनी निवडत नाही गं. बघायचं काय असतं, तर तू फॉर्मवर जे लिहिलंस आणि कागदावर जे छापलंय ते अक्षर-आकड्यासकट जुळतं का. बस. आपला धंदाच कागद जुळवायचा आहे, सातबारावरचं नाव आणि खरेदीखतावरचं नाव जुळत नसेल तर आपण पक्षकाराला परत पाठवतो, मग स्वतःचा बायोडेटा जुळत नसलेली ट्रेनी कोण घेईल.

एक प्रसंग सांगते. डोंबिवलीचा मुलगा, ड्राफ्टिंग झकास, इंटरव्ह्यूत सगळ्यांना आवडलेला. फॉर्मवर दहावी ६० टक्के. मार्कशीट टेबलावर आली, मी बोट ठेवलं तर ५९.६०. तो हसून म्हणाला, मॅडम राउंड ऑफ केलं. आमचे सीनियर बाजूला बसलेले, ते काहीच बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून त्या मार्कशीटवर ठेवला. मुलगा गेल्यावर मला म्हणाले, "उद्या हा लीज डीडमधली मुदत राउंड ऑफ करेल." नाही घेतला त्याला. आणि गंमत म्हणजे आमच्याकडे साठची अट नव्हतीच, ५९.६० लिहिलं असतं तर तो आज कदाचित पार्टनर असता.

म्हणून आकडा कसा लिहायचा ते आधी. स्टेट बोर्डाच्या दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे, २०१० पासून, म्हणजे विषय सहा असले तरी टक्केवारी चांगल्या पाच विषयांवर, पाचशेपैकी निघते, आणि चित्रकला, लोककला किंवा खेळाचे वाढीव मार्क मिळाले असतील तर ते अधिकचं चिन्ह देऊन वेगळे छापतात. आता फर्मच्या फॉर्मवर 'सर्व विषयांचे एकूण' असा कॉलम असेल तर तुला सहाशेपैकी बेरीज करून लिहावी लागते आणि ती टक्केवारी मार्कशीटवरच्या टक्केवारीपेक्षा कमी येते. इथे मुलं गडबडतात, छापलेली लिहिली तर कॉलमला खोटं आणि बेरीज केली तर मार्कशीटला खोटं असं वाटतं त्यांना. दोन्ही लिहायचं. 'मार्कशीटनुसार इतके, बेस्ट फाइव्ह, सहाही विषय धरून इतके.' एक ओळ जास्त जाते, पण व्हेरिफिकेशनवाल्याला प्रश्नच उरत नाही. बारावीलाही मार्कशीटवर छापलंय तेच लिही, आधी ती ६५० मार्कांची असायची, म्हणून तुझ्यापेक्षा मोठ्या ताई-दादाचा फॉर्म बघून कॉपी करू नकोस. सीबीएसईवाल्यांची वेगळी कथा, २०१० नंतरची काही वर्षं, २०१७ पर्यंत, दहावीला टक्के नव्हतेच, सीजीपीए म्हणजे दहापैकी ग्रेडची सरासरी होती, आणि बोर्डानेच सांगितलेलं की ९.५ ने गुणा म्हणजे अंदाजे टक्के. तीन वर्षांच्या एलएलबीला आलेले बरेच जण त्या बॅचचे असतात. त्यांनी सीजीपीए लिहावा, गुणाकार लिहायचाच असेल तर तो गुणाकार आहे असं लिहावं.

आता ६१ आणि ८४. तू घाबरलीस पण मला तर हे वाचताक्षणी कळलं, कारण तू सरळ पाच वर्षांच्या कोर्सला असशील तर दहावी २०१९ आणि बारावी २०२१. या दोन्ही वर्षांची गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही आईबापाला पाठ आहे, फक्त फर्मचा एचआर दिल्ली-बंगळुरूचा असेल तर त्याला माहीत नसते. २०१९ ला बोर्डाने भाषा विषयांचे शाळेच्या हातातले वीस मार्क काढून टाकले होते, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून एकदम ७७.१० वर आला, मुलं घरात तोंड लपवून बसली होती, आणि पुढच्या वर्षी ते मार्क परत आणले. मग २०२१ ला कोविडमुळे बारावीची परीक्षाच झाली नाही, दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या वर्षातल्या कामाचे ४० टक्के असं सूत्र लावून निकाल लावला, ३ ऑगस्टला, ९९.६३ टक्के पास. म्हणजे तू सगळ्यात कडक वर्षी दहावी दिलीस आणि सगळ्यात सैल वर्षी बारावी झालीस. यात तुझा दोष नाही आणि ८४ चं फार कौतुकही नाही, खरं सांगायचं तर, आणि एचआरला सांगतानाही याच सुरात सांग. 'दहावी २०१९ ला भाषा विषयांच्या अंतर्गत गुणांशिवाय, बारावी २०२१ ला परीक्षा न होता मूल्यमापनावर.' दोन वाक्यं. कोविडमध्ये घरी काय काय झालं त्याचा निबंध लिहायला जाऊ नकोस. ते ६१ पण लपवायचं काही नाही, साठच्या वर प्रथम श्रेणी असते.

जुलैच्या किंवा ऑक्टोबरच्या परीक्षेला पास झालेल्यांनी पण हेच करावं. मार्कशीटवर महिना छापलेला असतो. फॉर्मवर नुसतं वर्ष टाकलं की लपलं असं वाटतं पण लपत नाही.

मार्कशीट हरवली त्याचं आता. आधी डिजिलॉकर, म्हणजे सरकारचं कागदपत्रांचं ॲप, उघड. स्टेट बोर्डाच्या दहावी-बारावीच्या मार्कशीट तिथे मिळतात, बैठक क्रमांक आणि वर्ष लागतं. बैठक क्रमांक आठवत नसेल तर सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा घेणाऱ्यांच्या, जुन्या लॉगिनमध्ये जा, लॉच्या ॲडमिशनला तूच दहावीची मार्कशीट स्कॅन करून टाकली असशील, नाहीतर अकरावीच्या ऑनलाइन ॲडमिशनच्या फॉर्मची प्रिंट, नाहीतर जीमेलमध्ये नुसतं 'एसएससी' शोध, आपल्या आयांनी कुठल्यातरी स्कॉलरशिपसाठी कधीतरी सायबरवाल्याकडून मेल केलेला असतो. डिजिलॉकरमधून बोर्डाने दिलेली मार्कशीट ही ओरिजिनलसारखीच धरायची असा नियम आहे, आयटी ॲक्टखालचे डिजिटल लॉकरचे नियम, नियम ९ए, २०१७ च्या फेब्रुवारीत घातलेला. फर्मवाले स्वतः वकील आहेत, तरी त्यांच्या एचआरला हे माहीत नसतं, तर मेलमध्ये नियमाचा नंबर टाकून दे, भांडायला नाही, नुसतं माहितीसाठी. मात्र तू स्वतः स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये चढवलेला फोटो वेगळा आणि बोर्डाकडून आलेला कागद वेगळा, 'इश्यूड' मध्ये दिसतो तो बोर्डाचा. हा फरक निम्म्या मुलांना माहीत नाही. ज्यांचं नाव आधारशी जुळत नाही त्यांना कधीकधी डिजिलॉकर तो कागद खेचूच देत नाही, तुझं तसं झालं तर बोर्डाची स्वतःची ई-मार्कशीटची साइट आहे, तिथून व्हेरिफिकेशन होतं.

हे झालं की व्हेरिफिकेशनपुरतं काम भागतं, पण डुप्लिकेट मार्कशीट काढच, आज ना उद्या लागणार. तुझं नशीब चांगलं की मुंबई विभागीय मंडळ वाशीला आहे, ठाणे, पालघर, रायगड आणि मुंबई सगळं तिथेच येतं, ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी धरली की झालं. पण सरळ वाशीला जाऊन उभी राहू नकोस. आधी पोलिसांकडे हरवल्याची नोंद, ती ऑनलाइन होते, मग शाळेत अर्ज, कारण बोर्डाला अर्ज शाळेमार्फत लागतो. मी भाचीसाठी गेले होते तेव्हा खिडकीवर माझ्या पुढे मुरबाडहून आलेले एक काका होते, पहाटे निघालेले, पिशवीत डबा, मुलाच्या मार्कशीटसाठी शाळेचं पत्र घेऊन. पत्रावर मुख्याध्यापकांची सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक नव्हता. खिडकीतल्या माणसाने पत्र उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं आणि काचेखालून परत सरकवलं. काका दोन मिनिटं तसेच उभे. म्हणून सांगते, शाळेतून निघायच्या आधी ते पत्र तिथेच उभं राहून वाच. बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना आणि वर्ष, शाळेचा इंडेक्स नंबर, सही, शिक्का, जावक क्रमांक, तारीख. शाळेतल्या क्लार्कबाईंना राग येतो, येऊ दे. शाळा बंद पडली असेल तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे विचार, रेकॉर्ड बहुतेक तिकडे गेलेलं असतं.

आणखी एक, बरीच मुलं मार्कशीट, बोर्डाचं प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यात घोळ घालतात. मार्कशीट म्हणजे गुण, बोर्डाचं प्रमाणपत्र म्हणजे तो वेगळा जाडसर कागद जो शाळेतून नंतर आणायचा असतो आणि अर्धी मुलं आणतच नाहीत, आणि एलसी म्हणजे दाखला. दहावीचा ओरिजिनल दाखला अकरावीला कॉलेजने घेतला तो परत मिळत नाही, तो तसाच असतो, त्यासाठी फर्मला 'हरवला' असं लिहू नकोस. फर्मने 'सर्टिफिकेट' मागितलं असेल तर विचार की नक्की कुठलं. एकदा एका मुलीने आम्हाला तिन्ही कागद एकत्र स्टेपल करून दिले होते, मला तीच सगळ्यात हुशार वाटली.

नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं आधी, काहींच्या आधारवर वडिलांचं नावच नाही. व्हेरिफिकेशन एजन्सीचा पोरगा हे दोन्ही स्क्रीनवर शेजारी ठेवतो आणि 'मिसमॅच' टिक करतो, त्याला महाराष्ट्रातली पद्धत माहीत नाही, त्याच्याकडे दिवसाला शंभर फायली. फक्त क्रम उलटा असेल तर प्रतिज्ञापत्र वगैरे काही लागत नाही, फॉर्मवर मार्कशीटवरचं पूर्ण नाव जसंच्या तसं लिही आणि खाली 'आधारवर असं आहे, क्रमाचा फरक' एवढं लिही. स्पेलिंगच वेगळं असेल, एक एच जास्त, डबल ए ऐवजी एकच, तर मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र कर, कोर्ट नाक्यावर नोटरी बसलेलेच असतात. स्टॅम्प पाचशेचा लागतो आता, शंभराचा चालायचे ते दिवस ऑक्टोबर २०२४ ला गेले. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्रात छापून घ्यावं, ते एकदाच करायचं आणि आयुष्यभर पुरतं.

काही जण विचारतात की सरळ मार्कशीटवरच नाव दुरुस्त करून घेऊ का. शाळेत असेपर्यंत सोपं असतं, शाळा सोडली की मुश्किल. सीबीएसईवाल्यांसाठी सुप्रीम कोर्टाचा जिग्या यादवचा निकाल आहे, जून २०२१ चा, तो वाचून ठेवा, आपण वकील आहोत तर निदान स्वतःच्या नावासाठी एक निकाल वाचू. पण ऑफर लेटरची मुदत पंधरा दिवसांची असताना त्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ओरिजिनलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दाखवायच्या, ठेवून घेऊ द्यायच्या नाहीत. समोर बसून त्यांनी बघाव्यात, झेरॉक्सवर 'मूळ प्रतीशी पडताळली' असं लिहून सही करावी आणि ओरिजिनल त्याच दिवशी तुझ्या फोल्डरमध्ये परत. काही छोट्या ऑफिसांत 'वर्षभर राहशील याची खात्री म्हणून' मार्कशीट कपाटात ठेवतात. माझ्याच ओळखीतल्या एका मुलाची अशी सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, वेळी अडकली होती, तीन फोन, दोन चकरा आणि एक कडक पत्र गेलं तेव्हा सुटली. तसं मागितलं तर नम्रपणे सांग की बार कौन्सिलला लागणार आहेत. खोटंही नाही, लागतातच. अगदीच टळत नसेल तर पोच घे, कुठला कागद, किती तारखेला घेतला, कधी देणार. आणि एजन्सीला माहिती काढायची परवानगी देणारा जो फॉर्म येतो तो वाचून सही कर, त्यात शिक्षण आणि नोकरी एवढंच आहे की अजून काही घुसवलंय ते बघ.

सगळीकडे एवढं कडक नसतं हेही सांगते नाहीतर बाकीची मुलं उगाच धसका घेतील. ठाणे कोर्टात सीनियरच्या चेंबरला ज्युनियर म्हणून जायचं असेल तर मार्कशीट कोणी विचारत नाही, सकाळी साडेदहाला कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, आपली मॅटर कितवी आहे ते सांगता आलं पाहिजे. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांचे लीगल डिपार्टमेंट आणि लीगल प्रोसेसिंगवाले सगळ्यात काटेकोर, कारण तिथे वकील नाही तर एचआरची सिस्टीम तपासते आणि सिस्टीमला दया नसते, गॅप दिसला की लाल. मोठ्या फर्म मधे कुठेतरी. लंडनच्या फर्मचे फॉर्म भरणारेही आहेत आता, त्यात जीसीएसई आणि ए-लेव्हल, म्हणजे तिकडच्या शालेय परीक्षा, विषयवार मागतात, तिथे आपली दहावी आणि बारावी म्हणूनच लिहायची, विषयवार मार्क जसेच्या तसे, ८४ म्हणजे तिकडची ए ग्रेड वगैरे स्वतः ठरवायचं नाही. तुलना हवीच असेल तर ती यूके एनिक या परदेशी शिक्षणाची तुलना करून देणाऱ्या संस्थेकडून मिळते.

शाळेच्या कागदाला आपल्या लाइनमध्ये अजून एक कारण आहे जे एचआरला पण माहीत नसतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या लॉला बारावीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, ओबीसी ४२, एससी-एसटी ४०. म्हणजे तुझ्या एलएलबीचा पायाच बारावीवर उभा आहे, बारावीचा कागद खोटा निघाला तर वरचं सगळं डळमळतं. वकिलांच्या डिग्र्या तपासायला सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ ला माजी न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती उगाच नाही. आणि ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम २६ बघ, खोटी माहिती देऊन नाव नोंदवलं असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया ते काढून टाकू शकते. हे तुला नाही गं सांगत, वाचणाऱ्यांत एखादा असतोच ज्याचा मित्र त्याला म्हणतो की पीडीएफमध्ये एक आकडा बदलायला पाच मिनिटं लागतात. लागतात पाचच मिनिटं. पण बोर्डाच्या साइटवर खरा आकडा बघायला दोन लागतात, आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा नव्या न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे.

तर आता तू काय करायचंस. त्यांनी परत विचारायची वाट बघू नकोस, आजच एचआरला एक मेल टाक. दहावीची मूळ प्रत हरवली आहे, पोलिसांत नोंद केली आहे, डिजिलॉकरची प्रत सोबत, डुप्लिकेटसाठी वाशीला अर्ज करतेय, मिळाली की दाखवते. नावाच्या क्रमाचं एक वाक्य. २०१९ आणि २०२१ ची ती दोन वाक्यं. संपलं. मेलमध्ये 'सॉरी' हा शब्द एकदाही नको, हरवणं हा काही गुन्हा नाही. पोलिसांची नोंद मेलच्या आधी कर मात्र, नाहीतर तिथेच पहिलं खोटं होईल.

आणि डुप्लिकेट हातात आली की कौतुकाने लॅमिनेट करायला धावू नकोस. दहावीची मार्कशीट लॅमिनेट करून आणणं हा आपल्याकडच्या बाबांचा आवडता उद्योग, पण त्यावर नंतर ना कोणाला शिक्का मारता येतो ना सही करता येते. साधं प्लास्टिकचं फोल्डर घे, कोर्ट नाक्यावर झेरॉक्सवाल्याकडे मिळतं.